नारायणगावची फेसाळ वाईन

प्रश्न : नारायणगावात पूर्वी शॅम्पेन तयार होई आणि ती युरोपात विकली जाई, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. हे खरे आहे का? आपल्या द्राक्षांपासून असे काही होऊ शकते? - एक वाचक, मंचर (ता. आंबेगाव)

उत्तर : खरे आहे. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावात वाईनरी उभी केली. फ्रान्समधल्या रीम्स शहरातल्या पायपर-हाइडसिक या नामांकित घराण्याकडून तंत्रज्ञान घेतले. ‘ओमर खय्याम’ ही त्यांची फेसाळ वाईन परदेशात नावाजली गेली. मात्र तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. शॅम्पेन हा फ्रान्समधला एक प्रांत आहे आणि युरोपात ते नाव फक्त तिथल्याच वाईनला लावता येते. पद्धत मात्र तीच होती.

ती पद्धत फार चिकाटीची आहे. आधी साधी पांढरी वाईन तयार करायची. मग ती बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालायचे आणि बूच घट्ट बसवायचे. आंबण्याची क्रिया बाटलीतच पुन्हा सुरू होते. त्यातून निघालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट होतो, त्यामुळे काच जाडच लागते. कित्येक महिन्यांनी बाटल्या तोंड खाली करून फळीच्या भोकांत तिरप्या लावतात आणि रोज थोड्या फिरवतात. गाळ हळूहळू सरकत बुचाशी जमतो. मग बाटलीची मान गोठवून बूच काढले, की आतल्या दाबाने गाळाचा गोठलेला गोळा बाहेर उडतो. कमी झालेली वाईन भरून पुन्हा बूच लावतात. हे सारे नारायणगावात होत होते, याचा आपल्याला रास्त अभिमान असायला हवा.

आता द्राक्षांचे. खायच्या द्राक्षाला गोडी हवी, मोठा मणी हवा. फेसाळ वाईनला आंबटपणा टिकलेले फळ लागते, म्हणून ते लवकर तोडतात. चौगुल्यांनी शार्डोने, उग्नी ब्लांक अशा फ्रेंच जाती लावल्या. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी करून पीक कोरड्या थंडीच्या महिन्यांत आणावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री आंबटपणा राखायला मदत करतात. पावसाळ्यात पीक धरले तर डावणी आणि भुरी हे रोगच बाग खाऊन टाकतील.

चौगुल्यांची कंपनी फेसाळ वाईनवरच थांबली नाही. ‘मार्कीज द पाँपादूर’ ही दुसरी फेसाळ, शिवाय ‘रिव्हिएरा’, ‘शांतिली’, ‘आयव्ही’ अशा साध्या लाल-पांढऱ्या वाईनही तिने आणल्या. घरच्या लोकांनी चालवलेल्या एका व्यवसायाने एवढा पसारा मांडणे मोठेच होते. पुढे परदेशातल्या कंपन्या विकत घेतल्या, २००८च्या जागतिक मंदीत कर्ज डोईजड झाले आणि कंपनी अवसायनात काढण्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. माझ्या मते दोष मातीचा किंवा वेलीचा नव्हता. विस्ताराचा वेग पेलला नाही.

राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण २००१मध्ये आणले आणि मग नाशिक पुढे गेले. जुन्नर-आंबेगावच्या बागा आता प्रामुख्याने खायच्या द्राक्षांच्या आहेत. वाईनची द्राक्षे लावायचा विचार असेल, तर वाईनरीशी लेखी खरेदी करार झाल्याशिवाय रोप लावू नका. खाणाऱ्यांच्या बाजारात त्या बारीक, बियांच्या मण्यांना गिऱ्हाईक मिळत नाही.