आंधळा पहारेकरी

३१ जुलै २०१२ रोजी भर दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीज नाहीशी झाली. आगगाड्या वाटेतच उभ्या राहिल्या. बंगाल व झारखंडमधील कोळशाच्या खाणींतले पाळणे बंद पडले आणि अनेक कामगार भूगर्भातील अंधारात अडकले. सुदैवाने त्यांना पुढे सुखरूप वर आणता आले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशावर हे संकट कोसळले होते. आदल्याच दिवशी, रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी, उत्तर भारतावर हाच प्रसंग ओढवला होता!

मग कोठे तार तुटली होती काय? नाही. तसे काहीच घडले नव्हते.

विजेच्या तारांवर रिले नावाचे एक यंत्र अखंड पहारा करीत असते. ते विजेचा दाब व प्रवाह मोजते. तार झाडाला टेकली किंवा जमिनीवर पडली, की दाब एकदम उतरतो आणि प्रवाह बेसुमार वाढतो. दाबाला प्रवाहाने भागून येणारी संख्या फार लहान झाली, की अपघात झाला असे समजून हे यंत्र ती तार जाळ्यापासून तोडते. या पहारेकऱ्याला डोळे नाहीत. त्याला केवळ भागाकार येतो.

बीना व ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या मार्गावर दोन्ही दिवशी हा भागाकार फसला. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणारे इतर काही मार्ग बंद होते. शिवाय उत्तरेकडील राज्ये आपल्या वाट्याहून अधिक वीज घेत होती. त्यामुळे प्रवाह वाढला, दाब उतरला आणि अपघात नसतानाही मार्ग तुटला. पालखीच्या एका भोयाने खांदा काढावा आणि त्याचे ओझे इतरांवर पडून तेही वाकावेत, तसे मग एकामागून एक मार्ग तुटत गेले.

उतरता दाब कपॅसिटर जोडून सावरता येतो. पहारेकऱ्याची मर्यादाही थोडी सैल करता येते. परंतु ती फार सैल केली, तर खऱ्या अपघातात तारा व यंत्रे जळून जातील. म्हणून दाब सांभाळणारे आणि पहारा नेमणारे अभियंते यांनी एकत्र बसूनच हे आकडे ठरवावे लागतात. प्रत्येकाने आपापले काम चोख केले, एवढ्याने भागत नाही.

त्या दुपारी महाराष्ट्रातील दिवे मात्र जळत होते. पश्चिमेचे जाळे वेळीच वेगळे झाल्याने वाचले. उलट, वीज घेणारेच नाहीसे झाल्यामुळे तेथील जनित्रे अधिक वेगाने फिरू लागली, आणि त्यांतील काही बंद पडली.