डीन कशासाठी?



रविवारच्या मिस्सानंतर सूचना वाचल्या जातात. त्यात कधीतरी एक ओळ येते, "येत्या शनिवारी डीन फादर आपल्या धर्मग्रामाला भेट देणार आहेत." चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता कुजबुज सुरू होते. "का येतायत? वर तक्रार गेली का?" "फादरांची बदली ठरली असेल." "हिशोब बघायला येत असतील." डीन येणार म्हणजे काहीतरी बिनसले आहे, अशी आपली पक्की समजूत!

बिशप कोण ते लहान मुलालाही ठाऊक असते, कारण दृढीकरण संस्काराच्या दिवशी त्यांच्या हातातली मेंढपाळाची काठी त्याने पाहिलेली असते. प्रमुख धर्मगुरू तर आपल्या रोजच्या ओळखीचे. या दोघांच्या मध्ये उभा असलेला डीन मात्र आपल्याला अनोळखीच राहतो. आजच्या अभ्यासात आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

नाव कुठून आले?

'डीन' हा शब्द लॅटिन 'देकानुस' या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ 'दहांचा प्रमुख'. ख्रिस्तसभेच्या कायद्यात याच पदाला 'विकार फोरेन' असे दुसरे नाव आहे. फोरेन म्हणजे बाहेरचा, शहराबाहेरच्या भागाचा. बिशप मुख्य शहरात राहत आणि खेडी दूर असत. प्रत्येक गावी वरचेवर जाणे बिशपांना शक्य नसे. म्हणून त्यांच्या वतीने जवळच्या चार-दहा गावांची काळजी वाहणारा एक धर्मगुरू नेमला जाई. सोळाव्या शतकात, त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर, मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी आपल्या विस्तीर्ण धर्मप्रांतात ही पद्धत नीट बसवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बिशपांच्या सेवाकार्याविषयी जो आदेश काढला, त्यातही या पदाची दखल घेतली आहे.

पवित्र शास्त्रातील मुळे

या विचाराचे बीज फार जुने आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि त्याला समजावतो, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेमली जातात. इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. इथ्रोच्या सल्ल्यात मोशेच्या थकव्याबरोबर रांगेत ताटकळणाऱ्या माणसांचाही विचार आहे. मधला प्रमुख नेमला जातो तो त्यांची वाट कमी करण्यासाठी.

नव्या करारात संत पौल तीताला क्रीट बेटावर ठेवतो. गावोगावी वडील नेमावेत आणि अपुरे राहिलेले काम पुरे करावे, ही त्याची जबाबदारी (तीत १:५). मिलेत येथे एफेसच्या वडिलांचा निरोप घेताना पौल त्यांना आधी स्वतःकडे आणि मग कळपाकडे लक्ष द्यायला सांगतो (प्रे. कृ. २०:२८). देखरेख करणाऱ्याने प्रथम स्वतःवर नजर ठेवायची, हा क्रम विसरता येत नाही.

आपल्या भागाने हे अनुभवले आहे

भाईंदर, मीरा रोड, काशिमिरा, डोंगरी, उत्तन ही आपली गावे. आज आपण मुंबई महाधर्मप्रांतात आहोत, पण आपल्या पूर्वजांना बिशप नेहमीच इतके जवळ नव्हते.

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि पोर्तुगीज धर्मगुरूंना साष्टी-वसईतून जावे लागले. मागे राहिले ते देशी धर्मगुरू आणि त्यांची माणसे. आर्चबिशप गोव्याला! गलबताने प्रवास, पावसाळ्यात तोही बंद. अशा काळात जवळच राहून गावोगावच्या धर्मगुरूंवर लक्ष ठेवणारा वडीलधारा धर्मगुरू नसता, तर आपल्या वाडवडिलांचा विश्वास टिकवणे किती कठीण झाले असते याचा विचार करा.

पुढे मुंबईत आणि साष्टीत पोर्तुगालच्या 'पाद्रोआदो' आणि रोमच्या 'प्रोपगांडा' अशा दोन अधिकारसत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या. एकाच परिसरात काही चर्च एका अधिकाऱ्याची, काही दुसऱ्याची. १८८६ साली दमण धर्मप्रांत झाला आणि साष्टी-वसईची पुष्कळ गावे त्याच्याकडे गेली. आमचे कोण आणि तुमचे कोण या वादात अनेक पिढ्यांची शक्ती खर्ची पडली. अखेर १९२८ साली दमणचा हा भाग मुंबईला जोडला गेला आणि दुहेरी कारभार संपला.

१९३७ साली आलेले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट होते. हे पद आता भारतीय माणसाकडे जावे, असे त्यांना मनापासून वाटे. १९४६ साली वालेरियन ग्रेशस त्यांचे सहाय्यक बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स स्वतः मुंबईपासून दूर राहिले आणि कारभार ग्रेशस यांना पाहू दिला. १९५० साली ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ साली कार्डिनल झाले. अधिकाराची खुर्ची दुसऱ्यासाठी मोकळी करणे हेही नेतृत्वच, हा धडा आपल्याच महाधर्मप्रांतात घडला आहे.

२२ मे १९९८ रोजी खाडीपलीकडचा भाग वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. आपण खाडीच्या अलीकडे मुंबईतच राहिलो. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्यानंतर आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांनी महाधर्मप्रांताची धुरा हाती घेतली. मुंबई, ठाणे आणि कोकणात पसरलेल्या एवढ्या मोठ्या महाधर्मप्रांतात आपल्या गल्लीतले दुखणे आर्चबिशपांच्या कानापर्यंत कोण नेणार? इथे डीनचे काम सुरू होते.

कायदा काय सांगतो?

१९८३ च्या धर्मसंहितेत कलम ५५३ ते ५५५ ही तीन कलमे डीनविषयी आहेत. थोडक्यात सांगायचे तर :

१) बिशप त्या विभागातील धर्मगुरूंचे मत जाणून घेऊन डीन नेमतात. नेमणूक ठराविक मुदतीची असते. हे पद कोणत्याही एका चर्चला कायमचे जोडलेले नसते. म्हणजे मोठ्या चर्चचे फादर आपोआप डीन होत नाहीत.

२) विभागातील धर्मग्रामांच्या सामाईक कार्याला चालना देणे आणि त्यात मेळ घालणे.

३) धर्मगुरू आपल्या व्रताला शोभेल असे जगतात ना, कर्तव्ये पार पाडतात ना, हे पाहणे. त्यांना अभ्यास, चिंतन आणि आध्यात्मिक आधार मिळेल अशी व्यवस्था करणे.

४) उपासना नियमाप्रमाणे होते ना, चर्च आणि पवित्र वस्तू स्वच्छ आहेत ना, परमपवित्र साक्रामेंत आदराने जपले जाते ना, नोंदवह्या बिनचूक लिहिल्या जातात ना, मालमत्तेचा कारभार नीट चालतो ना, हे पाहणे.

५) प्रमुख धर्मगुरू गंभीर आजारी झाले तर त्यांना आध्यात्मिक आणि भौतिक मदत मिळेल असे पाहणे. ते देवाघरी गेले तर अंत्यविधी सन्मानाने व्हावा आणि त्या धावपळीत चर्चची वह्या-कागदपत्रे हरवू नयेत, याची काळजी घेणे.

६) बिशपांनी ठरवून दिल्याप्रमाणे धर्मग्रामांना भेटी देणे.

म्हणजे डीनची भेट हे त्यांचे नेमून दिलेले कर्तव्य आहे. तक्रार असो वा नसो, त्यांनी यायचेच आहे. आता डीनच्या हाती काय नसते तेही पाहू. बदल्या बिशप करतात. धर्मग्रामाचा पाळक हा प्रमुख धर्मगुरूच असतो. डीन त्याच्या जागी बसून कारभार करीत नाहीत. बहुतेक वेळा डीन स्वतःही एका धर्मग्रामाचे प्रमुख असतात. आपली मिस्सा, आपले आजारी, आपली अंत्ययात्रा सांभाळून ते दुसऱ्यांच्या दारी येतात.

दोन प्रसंग

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात लग्न ठरले. मुलगी खाडीच्या या बाजूची, मुलगा वसईकडचा. दोन धर्मप्रांत, म्हणून कागदपत्रे वेळेत हवीत. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढायला गेले तर त्या वर्षाच्या वहीची काही पाने ओल आणि वाळवीने गेलेली. घरात रडारड. शेवटी मुलीची म्हातारी मावशी पुढे आली. "फादर, मी होते ना तिथं! मीच तिला हातात धरली होती." कलम ८७६ प्रमाणे एका विश्वासू साक्षीदाराची साक्षही पुरेशी ठरू शकते. मावशीच्या शब्दावर काम झाले. पण मावशी नसती तर? कुणीतरी वेळेवर कपाट उघडून पाहिले असते, तर ती पाने वाचली असती. डीन वही मागतात तेव्हा फादरांवर अविश्वास दाखवत नाहीत. आपल्या नातवंडांचे दाखले ते राखत असतात.

दुसरा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरचा. एके वर्षी ऐन पावसाळ्यात एका प्रमुख धर्मगुरूंना रुग्णालयात ठेवावे लागले. आम्ही मंडळी पालकीय परिषदेत जमलो आणि पहिला प्रश्न केला, "रविवारची मिस्सा कोण करणार?" दुसरा प्रश्न, "सणाच्या वर्गणीचे काय?" डीन आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारले, "फादरांजवळ रात्री कोण असतं?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कुणीच नव्हते. पंचवीस-तीस वर्षे इतरांच्या खाटेशी तैलाभ्यंग घेऊन गेलेला माणूस स्वतः खाटेवर एकटा होता, आणि आम्हाला मिस्साच्या वेळापत्रकाची चिंता! त्या दिवशी आम्हाला डीनचे काम समजले. कोणतेही धर्मग्राम आणि कोणताही धर्मगुरू एकटा पडू नये, यासाठी डीन असतात.

आज आपल्या शहरात

२००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ साली ती ८ लाखांवर गेली. उत्तनला आजही होड्या लागतात, कोळी आणि आगरी घरांत प्रार्थना मराठीतून होते. मीरा रोडच्या इमारतींत मंगळूरची, गोव्याची, केरळची, तामिळनाडूची ख्रिस्ती कुटुंबे राहतात. मराठी मिस्सा कितीची, इंग्रजी कितीची, कोंकणीला वेळ का नाही, असे प्रश्न मग उठतात. प्रत्येक धर्मग्राम आपापले कुंपण घालून बसले, तर पाद्रोआदो-प्रोपगांडाचा जुना वाद आपण नव्या नावाने पुन्हा सुरू करू.

काही कामे एका धर्मग्रामाच्या आवाक्यातली नसतात. विवाहपूर्व मार्गदर्शन, धर्मशिक्षण देणाऱ्यांची तयारी, तरुणांचे मेळावे, व्यसनात अडकलेल्यांची मदत, ही त्यातली काही. उत्तन-धावगीच्या कचऱ्याचा गाजलेला प्रश्नच घ्या. धूर काही चर्चची हद्द पाहून पसरत नाही. अशा वेळी सर्व धर्मग्रामांना एका टेबलाशी बसवणारा माणूस लागतो.

आपला वाटा

डीन आले की आपण काय करावे? पहिले म्हणजे, आपल्याला बोलण्याचा हक्क आहे. धर्मसंहितेचे कलम २१२ श्रद्धावंतांना आपल्या गरजा आणि मते पाळकांपुढे आदराने मांडण्याचा अधिकार देते. कधी ते कर्तव्यही ठरते. प्रथम आपल्या फादरांशी समोरासमोर बोलावे. तिथे मार्ग निघाला नाही तर डीनकडे जावे, सही करून, पुराव्यानिशी. निनावी पत्रे पाठवू नयेत. मात्र लहान मुलांच्या सुरक्षेची बाब असेल तर ही पायरी-पायरीची वाट धरू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

दुसरे म्हणजे, चांगलेही सांगावे. आपल्या फादरांनी कुणाचे घर सावरले, कुठल्या सिस्टरने रात्र जागवली, हेही डीनच्या कानी जाऊ द्या. आणि तिसरे, डीनसाठी प्रार्थना करावी. दोन घरे सांभाळणाऱ्या थोरल्या भावासारखी त्यांची ओढाताण असते.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या विभागातील किती धर्मग्रामांची नावे आपल्याला माहीत आहेत? त्यांपैकी कितींच्या सणाला आपण कधी गेलो आहोत?

२) आपले फादर आजारी पडले तर त्यांची विचारपूस कोण करील? हे आजच ठरवता येईल का?

३) आपल्या घरातील बाप्तिस्मा, दृढीकरण आणि विवाहाचे दाखले एकत्र जपून ठेवले आहेत का?

४) भाषेवरून किंवा गावावरून आपण कुणाला परके मानतो का?

प्रार्थना

हे उत्तम मेंढपाळा प्रभू येशू, हरवलेल्या एका मेंढरासाठी तू रानोमाळ फिरलास. आमच्या आर्चबिशपांना, डीनना आणि सर्व धर्मगुरूंना तुझी नजर दे आणि तुझी माया दे. जे इतरांची काळजी वाहतात त्यांची काळजी घ्यायला आम्हाला शिकव. आमची धर्मग्रामे एकमेकांची शेजारी नव्हे तर भावंडे होवोत. आमेन.