विकास योजनेतील आरक्षण आणि कायद्याची कालमर्यादा

शहराची विकास योजना तयार होते, तेव्हा उद्याने, शाळा, रुग्णालये, क्रीडांगणे, रस्ते यांसाठी जमिनी आरक्षित केल्या जातात. यांतील अनेक जमिनी खाजगी मालकीच्या असतात. आरक्षण पडताच मालकाच्या बांधकामाच्या हक्कावर बंधन येते. मोबदला मात्र जमीन संपादित झाल्यावरच मिळतो. ही स्थिती अनिश्चित काळ राहू नये, म्हणून महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम १२७ ची तरतूद करण्यात आली आहे.

अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन कराराने संपादित झाली नाही, अथवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालकास किंवा हितसंबंधित व्यक्तीस नियोजन प्राधिकरणावर सूचना बजावता येते. मूळ कायद्यात सूचनेनंतरची मुदत ६ महिन्यांची होती. २००९ च्या दुरुस्तीने ती १२ महिने झाली आणि सूचनेसोबत मालकी हक्काची किंवा हितसंबंधाची कागदपत्रे जोडणे आवश्यक ठरले. २०१५ मध्ये ही मुदत २४ महिने करण्यात आली. या मुदतीतही कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाते आणि लगतच्या जमिनीस जो विकास अनुज्ञेय असेल, तो मालकास करता येतो. मात्र १० वर्षे उलटली एवढ्यानेच आरक्षण आपोआप संपत नाही. त्यासाठी सूचना बजावणे अनिवार्य आहे.

संपादनाची कार्यवाही सुरू झाली, असे केव्हा म्हणावे, हा न्यायालयांपुढील कळीचा प्रश्न होता. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा उलगडा केला. नगरपालिकेचा ठराव अथवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविलेला प्रस्ताव पुरेसा नाही. संपादनाची वैधानिक घोषणा मुदतीत प्रसिद्ध व्हावयास हवी. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ साली हीच भूमिका कायम राहिली. याउलट, भूमी संपादन अधिनियम, १८९४ च्या कलम ११-अ मधील निवाड्याची २ वर्षांची मुदत नगररचना कायद्याखालील संपादनास लागू होत नाही, असे घटनापीठाने २०११ मध्ये ठरविले.

वाद उद्भवल्यास संविधानाच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. तेथे योजना अंमलात आल्याची तारीख, सूचना पोहोचल्याची पोच, मालकीचे दस्तऐवज आणि घोषणेची तारीख यांवर निर्णय बव्हंशी अवलंबून असतो. आरक्षण व्यपगत झाल्यावर शासनाने तसा आदेश राजपत्रात अधिसूचित करावयाचा असतो.

मालकाने पोच जपून ठेवावी, हे जितके आवश्यक, तितकेच प्राधिकरणाने निधीची तरतूद वेळीच करणे आवश्यक आहे. संपादनासाठी रोख मोबदल्याखेरीज हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा मार्गही कायद्याने खुला ठेवला आहे. प्राधिकरणाची मुदत चुकली, तर मालकाची जमीन मोकळी होते. परंतु त्या वस्तीतील मुलांचे क्रीडांगण कायमचे हातचे जाण्याचा संभव असतो.