पडदा आणि माणसे : एका अपेक्षाभंगाचा विचार

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात तीन इंग्रजी पुस्तकांचा एक संच हातोहात फिरत होता. कुणाचे पान दुमडलेले, कुणाच्या चहाचा डाग पडलेला. रात्री दिवे मालवल्यावरही विजेरीच्या उजेडात वाचन चाले. पहिला भाग संपला तेव्हा जेवणघरात दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या भागाच्या वेळी आवाज जरा खाली आले. तिसरा भाग मात्र ज्याच्या हाती गेला त्याने तो मुकाट्याने पुढच्याला दिला. मी विचारले, ‘‘कसा आहे?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘वाच तूच. वेळ फुकट गेला असे म्हणवत नाही, पण काहीतरी फसले बघ.’’

हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते. या लेखात तोच माझ्या कुवतीप्रमाणे करीत आहे.

प्रथम या प्रकाराची ओळख करून देणे बरे. एक काल्पनिक भविष्यकाळ; त्यात एक जुलमी राज्य; त्या राज्याचे काही विचित्र कायदे; आणि त्या कायद्यांच्या कचाट्यात सापडलेली सोळा-सतरा वर्षांची नायिका. ती प्रेमात पडते आणि बंडही करते. आदर्श राज्याच्या कल्पनेला युटोपिया म्हणतात. तिच्या उलट असलेल्या या भयराज्याला डिस्टोपिया असे नाव आहे. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली आणि तिच्या मागोमाग अशा कादंबऱ्यांची रांग लागली. लॉरेन ऑलिव्हर यांची ‘डिलीरियम’ आणि व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ या दोन्ही २०११ सालच्या. दोन्ही मालिकांचे शेवटचे भाग २०१३ साली निघाले आणि दोहोंच्या शेवटावर पुष्कळ वाचक नाराज झाले.

दुःख वेगळे, अपेक्षाभंग वेगळा

कुणी म्हणेल, शेवट दुःखाचा म्हणून वाचक रुसले. मला हे पटत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीत विन्स्टन आणि ज्युलिया यांच्या प्रेमाचा जो चुराडा होतो त्याहून दुःखद शेवट क्वचितच सापडेल. छळ असह्य होताच दोघेही एकमेकांचा घात करतात. तरीही पुस्तक मिटताना आपली फसवणूक झाली असे वाटत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) पाहून चित्रपटगृहातून माणसे बाहेर पडली ती अवाक् होऊन. ‘शेवट फसला’ असे म्हणत नव्हे. शोकांत कथा वाचकाला रडवते, पण त्याचा विश्वास मोडत नाही. अपेक्षाभंग होतो तो विश्वास मोडल्यावर.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त रसभंगाचे मूळ अनौचित्यात आहे असे सांगितले. आमच्या वर्गात हे सूत्र शिकताना ते केवळ परीक्षेपुरते वाटले होते. पण या कादंबऱ्या वाचताना ते माझ्या फार उपयोगी पडले. कथेनेच जे नियम घालून दिले ते कथेनेच मोडले, की औचित्य संपते. मग शेवट गोड असो वा कडू, तो लागत नाही.

राज्य की रंगवलेला पडदा?

आपल्या कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपटाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ. पडदा कितीही सुरेख असला तरी त्यावरच्या दारातून नटाला आत जाता येत नाही. पुष्कळ भयराज्य-कथांतील राज्य असेच पडद्यावरचे असते. पहिल्या पन्नास पानांत कायदे, गणवेश, पहारेकरी यांचे वर्णन येते; नायक भेटला की राज्य मागे सरते, आणि संकट हवे असेल तेव्हाच पुढे येते.

‘डिलीरियम’ची कल्पना विलक्षण आहे. तिथे प्रेम हाच एक रोग ठरवला आहे आणि अठरा वर्षे पूर्ण होताच शस्त्रक्रियेने तो ‘बरा’ केला जातो. इथे राज्य आणि प्रेम समोरासमोर उभे ठाकले आहेत. याहून चांगली सुरुवात कोणती? पण दुसऱ्या भागात नायिकेच्या आयुष्यात दुसरा तरुण येतो, त्या भागाच्या अखेरीस पहिला परततो, आणि प्रश्न बदलतो. ‘प्रेमाशिवायचा समाज माणसाचा समाज राहील काय?’ हा मोठा प्रश्न बाजूला पडून ‘हा की तो?’ हा छोटा प्रश्न पुढे येतो. आणि शेवटी त्या छोट्या प्रश्नाचाही नीट उलगडा होत नाही.

त्रिकोण मुळातच वाईट असतो असे नाही. ‘द हंगर गेम्स’मध्येही कॅटनिस, पीटा आणि गेल असा त्रिकोण आहे. पण तिथे पीटाबरोबरचे प्रेम हे प्रथम दूरदर्शनच्या प्रेक्षकांसाठी केलेले नाटक आहे. प्रेक्षक भुलले तर औषध मिळेल, अन्न मिळेल, जीव वाचेल. जुलमी राज्याने प्रेमाचाही खेळ करून टाकला आहे, आणि आपल्या मनात खरे काय आहे हे नायिकेलाच कळेनासे होते. तिसऱ्या भागात ती गेलपासून दुरावते तीही एका बॉम्बमुळे. त्याची कल्पना गेलची असावी ही शंका तिच्या मनातून जात नाही, आणि त्या बॉम्बने तिची धाकटी बहीण गेलेली असते. म्हणजे प्रेमाचा निर्णय राजकारणातून निघतो. इथे राज्य पडद्यावर राहत नाही. ते थेट दोन माणसांच्या मध्ये येऊन बसते.

नियम मोडणारा लेखक

‘डायव्हर्जंट’मध्ये समाजाचे पाच गट आहेत. एक निःस्वार्थीपणाचा, एक धैर्याचा, एक ज्ञानाचा, एक सत्याचा, एक शांतीचा. वाचताना वेग असा की शंका घ्यायला सवड मिळत नाही. पण पुस्तक मिटल्यावर मन विचारू लागते : माणसात एकच गुण असतो हे इतक्या लोकांनी इतकी वर्षे मानले कसे? आपल्याकडे जन्मावरून माणसाचे काम आणि पायरी ठरवणारी व्यवस्था शतकानुशतके टिकली. पण ती टिकली ती जमीन, पाणी, विवाह आणि धर्माज्ञा यांच्या जोरावर. नुसत्या गुणांच्या नावावर नव्हे. कादंबरीतील व्यवस्थेला असा पाया नाही. तिसऱ्या भागात तर कुंपणाबाहेर वेगळेच जग निघते आणि हे सारे नगर म्हणजे एक आनुवंशिकतेचा प्रयोग होता असा खुलासा होतो. वाचकाने दोन भाग ज्या जमिनीवर पाय रोवले होते तीच काढून घेतली जाते. मग नायिकेचा मृत्यू येतो. त्यागाची पूर्वतयारी पहिल्या भागापासून होती, हे लेखिकेच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण जमीन हलल्यावर तो त्याग ज्या जगासाठी होतो त्या जगाशी वाचकाची ओळखच उरलेली नसते.

याच भागात निवेदन नायक आणि नायिका यांच्यात आळीपाळीने येते. दोघांचा आवाज इतका सारखा, की प्रकरणाच्या डोक्यावरचे नाव पाहिल्याशिवाय बोलणारे कोण ते कळत नाही. प्रेम म्हणजे दोन वेगळ्या मनांची ओढ. मनेच वेगळी नसतील तर ओढ कुठून येणार?

करवीरचा धडा

इथवर परदेशी पुस्तकांविषयी लिहिले. पण तरुणांचे प्रेम आणि समाजाचा जुलूम यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे प्रा. ना. सी. फडके आणि शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरास आलेले वि. स. खांडेकर हे दोघे एकाच गावात राहून या प्रश्नाची दोन उत्तरे देत होते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद आपण वर्गात शिकतोच.

फडक्यांची भाषा, त्यांची कथानकाची बांधणी आजही हेवा वाटावा अशी आहे. पण राजकीय चळवळींची पार्श्वभूमी घेऊन त्यांनी ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांत चळवळ ही बहुधा प्रेमकथेची शोभा वाढवण्यापुरतीच येते, असा आक्षेप घेतला गेला. मला तो बराचसा योग्य वाटतो. त्यांच्याकडे पडदा सुंदर आहे.

खांडेकरांची अडचण उलट आहे. ‘क्रौंचवध’ (१९४२) मध्ये संस्थानी राजवट आहे, शेतकऱ्यांचा लढा आहे आणि दोन पुरुषांमध्ये मनाने विभागलेली सुलोचना आहे. आजच्या भाषेत ही भयराज्यातली प्रेमकथाच! पण इथे माणसे पुष्कळदा सुभाषितांत बोलतात. ध्येयवाद इतका उजळ होतो की त्या उजेडात चेहरे पुसट होतात. फडक्यांच्या राजकीय कादंबरीत समाज उणा पडतो, तर इथे माणूस.

मग हा तोल साधतो कुठे? माझ्या मते ‘ययाति’त (१९५९). या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि खांडेकरांना १९७४ साली ज्ञानपीठ मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. पण मी ती या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचली. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी होते ती कुठल्याशा काल्पनिक कायद्याने नव्हे. शुक्राचार्यांचा कोप झाला तर राज्य बुडेल, या भीतीने एका मुलीचे आयुष्य गहाण पडते. सत्ता इथे पडद्यावर नाही. ती शयनगृहात आहे, देवयानीच्या अहंकारात आहे, ययातीच्या वासनेत आहे. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात, आणि प्रत्येकाला स्वतःची बाजू आहे. देवयानीचा आपल्याला राग येतो, तरी कचाने नाकारलेली ती मुलगीही आपण विसरू शकत नाही. त्रिकोण आहे, पण ‘ही की ती’ एवढ्यावर तो थांबत नाही. माणसाला आवर कोण घालणार, हा प्रश्न तिथे उरतो.

खरे कुंपण

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांची ‘बळी’ ही कादंबरी १९५० साली आली. १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई. अशा वसाहतीत, सोलापुरात, मालतीबाईंनी काम केले होते. कुंपण, हजेरी, जन्मावर मारलेला शिक्का : परदेशी कादंबरीकार भविष्यकाळात जे कल्पितात ते सोलापूर जिल्ह्यात घडून गेले आहे.

आणि सारेच घडून गेले असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. त्याच कोल्हापुरात २०१५ च्या डिसेंबरात जातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुण जोडप्याचा खून झाला. दोघेही आमच्याहून फार मोठे नव्हते. ज्या वर्गात मी बसते तिथे अशा मुली आहेत ज्यांना कुणाशी बोलावे, कुणाशी बोलू नये याचा कायदा घरातच सांगितला जातो. त्या विजेरीच्या उजेडात या कादंबऱ्या का वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना करमणूक हवीच असते. पण त्याचबरोबर, आपल्या भीतीला कुणीतरी नाव द्यावे, असेही वाटत असते.

म्हणून हा अपेक्षाभंग मला क्षुल्लक वाटत नाही. राज्य इतके भयंकर आहे असे लेखकाने सांगायचे, आणि मग नायिकेची सगळी चिंता कुणाच्या डोळ्यांचा रंग कसा एवढ्यावर आणून ठेवायची, यात त्या वाचणाऱ्या मुलीची भीतीही हलकी होते. तिने मोठा प्रश्न विश्वासाने हाती दिला होता. तो तिला लहान करून परत मिळतो.

एवढे सारे लिहून झाल्यावर मी तो तिसरा भाग पुन्हा एकदा चाळला. तेव्हा लेखिकेवरचा राग काहीसा निवळला. पहिल्या भागाने मोठी भूक जागी केली, म्हणून तर तिसरा अपुरा वाटला. ती भूक जागी झाली हे त्या पुस्तकाचे ऋणच. पुढची पायरी आपली आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात उभे आहे. तिथल्या कपाटांत ‘बळी’ मागावी, ‘ययाति’ मागावी. आणि आपल्यापैकी कुणाला कधी अशी कादंबरी लिहावीशी वाटली, तर राज्य शोधायला भविष्यकाळात फार दूर जाऊ नये. आपल्या गल्लीतून सुरुवात करावी. दोन माणसे एकमेकांकडे चालत निघाली की त्यांना कोण कोण अडवते हे नीट पाहावे. पडदा रंगवण्याची गरजच पडणार नाही.