ताग गाडायचा तर वेळेत

निफाडकडच्या आमच्या काळ्या रानात रांगडा कांदा घ्यायचा होता. त्याआधी हिरवळीच्या खतासाठी, जुलैच्या सुरुवातीला वापसा आला तसा एकरी २५ किलो ताग फेकला. उतरलाही झकास, पायाखालची माती दिसेना. ४५ ते ५० दिवसांत, फुलकळी दिसायला लागली की गाडायचा, हे ठरलेलंच होतं. नेमकी तेव्हाच झड लागली. ट्रॅक्टर रानात घालता येईना. पाऊस उघडला तर गावातल्या एकुलत्या एक रोटाव्हेटरला सगळीकडून बोलावणं. तो आमच्या बांधावर आला तोवर ताग डोक्याच्या वर गेलेला आणि खालच्या फुलांचे घाटे धरलेले.

जून तागाची साल म्हणजे दोरच. दोन फेऱ्या झाल्या की पात्यांना वेटोळे बसायचे, मशीन उभं करून विळ्यानं कापून काढायचे. काड्या हात-हात लांब तशाच मातीत गेल्या. इकडे रोपांचं वय निघून चाललेलं, त्यामुळे आठवडाभरात लागण उरकावी लागली. पंधरवड्यात वाफे पिवळे पडले. जून काडीत कर्ब फार आणि नत्र थोडं असतं. ती कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र जमिनीतून उचलतात आणि रोपं उपाशी राहतात. काही रोपं तर मान टाकून आडवी झाली. उपटून पाहिलं तर बुडाशी पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे तांबूस गोळे. अर्धवट कुजलेल्या काडीवर ही बुरशी पोसते.

अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात हिवाळ्यात जमीन झाकायला राय हे धान्य पेरतात. तिथेही मका पेरायच्या आधी १० ते १४ दिवस राय मारून टाका, असंच सांगतात. राय तर गवतवर्गातली, जून झाली की नत्र जास्तच अडकवते. आपला ताग द्विदल, पण काडी जरड झाली की त्याचीही तीच गत.

तेव्हा कॅलेंडरपेक्षा काडीवर विश्वास ठेवा. मधूनच एक झाड घेऊन मोडून बघा. कटकन मोडलं तर गाडायला योग्य. साल सोलून दोरी सुटायला लागली तर उशीर होतोय. ट्रॅक्टरवाल्याला पेरतानाच सांगून ठेवा. झडीची चिन्हं दिसली तर कळीची वाट न बघता आठवडाभर आधीच गाडा. पाला थोडा कमी मिळेल, पण कुजेल नक्की. गाडल्यावर ओल टिकवा आणि लागणीआधी दोन-तीन आठवडे रानाला हात लावू नका. चोपण किंवा पाणी साचणारं रान असेल तर ताग नकोच, धैंचा घ्या.

आणि एवढं करूनही ताग हाताबाहेर गेलाच, तर तो मातीत कोंबू नका. कापून बाहेर काढा, कुट्टी करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवा किंवा डाळिंबाच्या, पेरूच्या बुडाशी आच्छादनाला पसरा. कांदा बिनतागाच्या रानातही येतो.