चीनला माल बघायला जाताना व्हिसा कोणता?

व्यापारी बंधूंनो, ग्वांगझूच्या कँटन फेअरला किंवा केचिआओच्या कापडबाजारात जायचे म्हटले की काही एजंट 'एल' व्हिसा सुचवतात. तो पर्यटकांचा. सौद्यासाठी 'एम' घ्यावा. सप्टेंबर २०१३ पूर्वी हे काम 'एफ'वर चाले. 'एम'ला तिकडच्या पेढीचे किंवा फेअरचे निमंत्रणपत्र लागते. एवढ्या कागदाचा आळस नको.

व्हिसा हाती आल्यावर प्रवेश किती लिहिलेत ते आधी वाचा. आम्ही वाचले नव्हते. एका प्रवेशाचा व्हिसा, आणि आम्ही मध्येच दोन दिवस हाँगकाँगला गेलो. हाँगकाँग चीनचेच, पण व्हिसाच्या हिशेबात तिकडे जाणे म्हणजे चीनबाहेर पडणे! परत येऊ दिले नाही. नमुन्यांची बॅग ग्वांगझूच्या हॉटेलात राहिली, सौदा तसाच लटकला. तसा इरादा असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. शिवाय भारतीयांना २०१७ पासून हाँगकाँगसाठी पूर्वनोंदणी लागते, ती घरूनच करून निघा.

व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे. मुदत तीन महिन्यांची असली, तरी मुक्काम तीस दिवस लिहिला असेल तर तीसच. जास्त राहिल्यास दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.