कुंडलिकेचा प्रवाह आणि नौकाविहार

पावसाळा सरला की कोकणातील बहुतेक नद्या क्षीण होतात. सह्याद्रीवरून धावत आलेले पाणी अल्पावधीत समुद्राला मिळते आणि उन्हाळ्यात पात्रात खडक व डोह तेवढे उरतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका मात्र याला अपवाद आहे. कोलाड परिसरात ऐन उन्हाळ्यातही या नदीच्या खळाळत्या प्रवाहातून रबरी तराफे धावतात. ‘राफ्टिंग’ या नावाने हा क्रीडाप्रकार आता सर्वपरिचित झाला आहे.

पाणी येते कोठून?

याचे उत्तर घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यातील मुळशी धरणात सापडते. मुळा नदीचे पाणी निसर्गतः भीमा व कृष्णा यांमधून बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. ते अडवून, बोगदा व नळ यांच्या साहाय्याने पश्चिमेस भिरा येथे उतरविण्यात आले. सुमारे ५०० मीटर उंचीवरून येणाऱ्या या पाण्यावर १९२७ पासून वीज निर्माण होते. विद्युतगृहातून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेस मिळते व पुढे अरबी समुद्रास जाते. या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी. आजच्या आनंदामागे त्या विस्थापितांचा त्यागही आहे, याचे विस्मरण होऊ नये.

धोका आणि दक्षता

उन्हाळ्यात या नदीची पातळी पावसावर नव्हे, तर वीजनिर्मितीवर अवलंबून असते. पाणी सोडले की कोरडे भासणारे पात्र थोड्याच वेळात भरून वाहू लागते. तराफ्यास हाच प्रवाह वेग देतो; परंतु पात्रात कपडे धुणाऱ्या स्त्रिया, गुरे पाजणारे गुराखी व पोहणारी मुले यांना तोच घातक ठरू शकतो. डोक्यावर निरभ्र आकाश असल्याने धोक्याची कल्पनाही येत नाही.

तराफ्यातील प्रत्येकाने तरंगजाकीट व शिरस्त्राण घातलेच पाहिजे. वल्ही मारताना मार्गदर्शकाची आज्ञा तंतोतंत पाळावी. पाण्यात पडल्यास खडकाळ, उथळ जागी उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय अडकून माणूस प्रवाहाखाली दाबला जातो. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवून तरंगत राहावे.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

पाणी सोडण्याच्या वेळांची माहिती घेऊन ती घाटावर व शाळेत फलकावर लावणे, हे काम अल्प खर्चाचे आहे. गावातील तरुणांना जलसुरक्षेचे रीतसर शिक्षण मिळाल्यास रोजगार गावातच राहील आणि संकटसमयी मदतही हाताशी असेल. नदी पाहुण्यांची होण्यापूर्वी ती गावकऱ्यांसाठी सुरक्षित असावी, हेच अशा पर्यटनाचे पहिले सूत्र होय.